तेरा सामन्यांमागची बारा वर्षे : बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळाचा परिचय

वेंगुर्ल्याच्या आसपासच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धांत गुणलेखकाचे काम करणाऱ्याला पावसाळ्यात हात बांधून बसावे लागते. अमेरिकेतील बेसबॉलचा हंगाम मात्र नेमका तेव्हाच भरात असतो. तिकडचे रात्रीचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतात, आणि आषाढातल्या पावसात मोबाइलवर व्हिडिओ सुरळीत चालेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. त्यामुळे सामने पाहण्याऐवजी वाचण्याची सवय लागली. त्यासाठी मी बेसबॉल-रेफरन्स हे संकेतस्थळ वापरतो. शॉन फोरमन यांनी ते २००० साली सुरू केले. जाहिराती सहन करण्याची तयारी असेल, तर खेळाडूंची पाने वाचायला पैसे पडत नाहीत.

माझी आवड तशी अरुंद आहे. ऑस्ट्रेलियातून परदेशी जाऊन व्यावसायिक बेसबॉल खेळलेले इनफिल्डर, म्हणजे बेसच्या (धावताना गाठायच्या टप्प्यांच्या) जवळ उभे राहून जमिनीलगत येणारे चेंडू अडवणारे खेळाडू, यांच्या कारकिर्दी मी वाचतो. अशा खेळाडूचे मुख्य पान पुष्कळदा फसवे असते. ग्लेन विल्यम्सचे पान उघडले, तर मेजर लीगची, म्हणजे तिकडच्या सर्वोच्च लीगची, एकच ओळ दिसते : २००५, मिनेसोटा ट्विन्स, १३ सामने, ४० अधिकृत फलंदाजी, १७ हिट (फटका मारून सुखरूप बेस गाठणे), सरासरी .४२५. क्रिकेटच्या वाचकासाठी सांगायचे, तर ही सरासरी धावांची नसून चाळीस प्रयत्नांतील सतरा यशांची आहे, आणि तेथे .३०० सुद्धा उत्तम मानतात. तेराही सामन्यांत त्याने किमान एक हिट मिळवला. मग खांदा निखळला आणि मेजर लीगमध्ये तो पुन्हा दिसला नाही.

या स्थळाचे खरे मोल मुख्य पानावर नाही. ते कनिष्ठ आणि परदेशी लीगच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘रजिस्टर’ या विभागात आहे. विल्यम्सने अटलांटा ब्रेव्हजशी करार केला तो १९९३ साली, सोळाव्या वर्षी. आपल्याकडे दहावी होताच मुंबईची गाडी धरणाऱ्या चाकरमान्याच्या पोराचेच ते वय. रजिस्टरमध्ये प्रत्येक वर्षापुढे संघ, लीग, त्या लीगची पायरी आणि खेळाडूचे वय असते, आणि वयाला लागूनच आणखी एक रकाना असतो, जो त्या लीगच्या सरासरी वयापेक्षा खेळाडू किती लहान वा मोठा आहे ते दाखवतो. आकडा उणे असेल, तर मुलगा आपल्यापेक्षा थोराड खेळाडूंत उभा आहे असे समजावे. हा रकाना वरून खाली वाचत गेल्यास उणे आकडे हळूहळू कसे सरतात ते दिसते, आणि ‘होतकरू’ या विशेषणाची मुदत कधी संपली ते कोणी न सांगताही कळते. ही एवढी एक सोय माझ्या दृष्टीने बाकी सगळ्या आलेखांपेक्षा मोलाची आहे.

क्षेत्ररक्षणाचा तक्ताही इनफिल्डरच्या बाबतीत आवर्जून पाहावा. १९८६ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडून पदार्पण करणारा क्रेग शिप्ली हा आधुनिक काळात मेजर लीग गाठणारा पहिला ऑस्ट्रेलियन. सेकंड बेस, शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेस या इनफिल्डच्या जागांवरील सामने वेगवेगळे मांडलेले पाहिले, की हा खेळाडू १९९८ पर्यंत कसा टिकला ते उलगडते : ज्या जागी माणूस कमी, तेथे शिप्ली. (आपल्या गुणपुस्तकात झेल आणि धावबाद लिहिले जातात, पॉइंटवर अडवलेल्या चेंडूंना आम्ही रकानाच ठेवलेला नाही.) क्वीन्सलंडमध्ये जन्मलेल्या, १८८४ ते १९०१ या काळात खेळलेल्या ज्यो क्विनपर्यंतही या नोंदी मागे जातात. १८९९ चा क्लीव्हलँड स्पायडर्स, ज्याने २० सामने जिंकून १३४ गमावले, त्या संघाचे व्यवस्थापन बराच काळ त्याच्याच गळ्यात होते.

आकड्यांनी जे सांगता येत नाही, ते येथेही मिळत नाही. विल्यम्स २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या ऑस्ट्रेलियन संघात होता, पण लीगच्या तक्त्यांत त्या पदकाला स्थान नाही. दुखापतीची हकीकत वर्तमानपत्रांतूनच शोधावी लागते. इंग्रजी संक्षेपांची सवय होईपर्यंत नवख्याचा गोंधळ उडेल, हेही खरे. मात्र रकान्याच्या शीर्षकाचा अर्थ त्याच पानावर स्पष्ट केलेला असतो, त्यामुळे चिकाटी असलेल्याचे अडत नाही.

सिडनीच्या ट्रॅव्हिस बझानाला २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, क्लीव्हलँड गार्डियन्सने सर्वांत आधी निवडले. पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला तो पहिला ऑस्ट्रेलियन. त्याचेही पान नव्या वाचकाने रजिस्टरपासून, लेक काउंटी या कनिष्ठ लीगमधल्या संघाच्या ओळीपासून सुरू करावे. गुंतागुंतीचा शोध घेण्यासाठी ‘स्टॅटहेड’ ही सशुल्क जोडसेवा आहे, परंतु एकेका खेळाडूचा माग काढणाऱ्याला तिची गरज नाही.