स्दे बोकेर की रेविविम? नेगेव्हमध्ये एकच दिवस असेल तर

दक्षिण इस्रायलमधल्या नेगेव्हच्या वाळवंटात ज्यू लोकांनी वस्ती कशी वसवली ते बघायचंय आणि हातात एकच दिवस आहे, तर दोन्हीकडे धावपळ करू नका, एकच निवडा. मी दोन्ही केलीत.

बहुतेक जण स्दे बोकेरला जातात आणि त्यात काही चूक नाही. इस्रायलचे पहिले पंतप्रधान बेन गुरियन 1953 मध्ये पद सोडून या किबुत्झवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून चालवलेल्या शेतीच्या वस्तीवर, राहायला आले, मेंढ्यांच्या गोठ्यात काम केलं, त्यांचं ते साधं घर अजून तसंच ठेवलंय, सगळीकडे पुस्तकं, आणि झोपायच्या खोलीत फोटो एकच, तो आपल्या गांधीजींचा! माझा तर पाय निघेना. जवळच त्यांची आणि त्यांच्या पत्नी पॉलाबाईंची कबर, समोर झिनची दरी.

पण एक गोष्ट सारखी खटकत राहिली. किबुत्झ सुरू झाला 1952 ला, म्हणजे ते यायच्या दीडेक वर्ष आधी काही तरुण मंडळी तिथे राहातच होती की, ती पाणी कुठून आणायची, पहिला उन्हाळा कसा काढला, हेच डोक्यात घेऊन मी फिरत होतो आणि बघत होतो एकाच माणसाचं आयुष्य. घर त्यांचंच, मान्य आहे. पण मी आलो होतो वस्तीची गोष्ट ऐकायला.

ती मला रेविविमला सापडली. 1943 मध्ये ग्वुलोत, बेत एशेल आणि रेविविम अशा तीन चौक्या बसवल्या त्या मुळात इथे शेती होते का हे तपासायला, माती कशी, पाऊस किती, पुराचं पाणी बांध घालून अडवता येतं का. नावाचा अर्थच पावसाच्या सरी, आणि पाऊस पडतो वर्षाला जेमतेम 100 मिमीच्या आसपास! जुनी तटबंदीची इमारत आहे, खाली गुहा आहेत, 1948 च्या अरब-इस्रायल लढाईत त्यातल्या एकीत दवाखाना होता. या भागात आधीपासून बेदुइन, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, राहात होते हेही फिरताना लक्षात असू द्या.

मी नेगेव्हमधल्याच दिमोना गावात एका मावशींकडे उतरलो होतो, कोकणातनं गेलेल्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या ज्यू, घरात अजून मराठी. रेविविमचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आम्ही आलो तेव्हा निदान नळाला पाणी होतं रे."

बसने फिरणार असाल तर स्दे बोकेर सोपं पडेल बहुतेक. गाडी असेल तर मी रेविविमच म्हणेन, फक्त सकाळी लवकर पोचा, दुपारी त्या अंगणात उभं राहवत नाही, गुहेत मात्र गार असतं.