पावसाळी नालीची कॅमेरा तपासणी: व्हिडिओ छान, पण पैसे लेव्हलच्या तक्त्याचे द्या

सेवा: बंदिस्त पावसाळी नालीची जेटिंग (जोरदार दाबाच्या पाण्याने सफाई), कॅमेरा तपासणी आणि दुरुस्तीचा अहवाल
कोणासाठी: नागपुरातले जुने लेआउट, मोठ्या सोसायट्या, संस्थांची आवारं
गुण: 5 पैकी 3.5

सप्टेंबर 2023 च्या पुरानंतर बऱ्याच लेआउटांना नालीची आठवण झाली आणि खाजगी एजन्सींकडून ही सेवा घ्यायचा विचार सुरू झाला. काम साधारण एकाच पद्धतीचं असतं. जेटिंग मशीनने गाळ काढायचा, चाकांचा कॅमेरा पाइपमध्ये सोडायचा, मग पेन ड्राइव्हवर व्हिडिओ आणि छापील अहवाल. दर बहुतेक मीटरवर ठरतो.

पहिली अडचण क्रमाची. सफाईआधी कॅमेरा सोडला तर पडद्यावर काळं पाणी आणि खर्ऱ्याच्या पन्न्या यापलीकडे काही दिसत नाही. आधी वरच्या चेंबरला प्लग लावून पाणी अडवा, मग खालच्या चेंबरमधून वरच्या दिशेने जेटिंग करा. नोझलचे मागचे फवारे त्याला वर ढकलतात आणि गाळ खाली आणतात. तो तिथेच सक्शनने उचलायचा. चेंबरशेजारी ढीग लावून ‘वाळल्यावर नेतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. पहिल्या सरीत तो सगळा परत आत जातो. आणि माणूस चेंबरमध्ये उतरवणारी एजन्सी तर दारातूनच परत पाठवा. गडरलाइन (सांडपाण्याची लाइन) जोडलेली असेल तर पावसाळी नालीतही विषारी वायू साठतो.

ती जोडलेली आहे का, हे ओळखायला कॅमेरा लागतही नाही. मे महिन्यात, पाऊस नसताना, सकाळी झाकण उघडा. पाणी वाहत असेल तर बहुधा कोणाचं तरी सांडपाणी नालीत येतंय. कोणाचं ते रंग टाकून शोधता येतं: घरच्या चेंबरमध्ये हिरवा रंग ओता आणि पुढच्या झाकणापाशी थांबा.

कॅमेरा खरंच कामाचा ठरतो तो सांध्यांसाठी. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाइपाखाली मुरुमाचा थर नीट दिला नसेल तर सांधे सरकतात, फटीतून माती आत येते, वर रस्ता खचतो. चांगल्या अहवालात प्रत्येक दोष चेंबरपासून किती मीटरवर आहे ते लिहिलेलं असतं आणि त्याला 1 ते 5 अशी श्रेणी असते, 5 म्हणजे सगळ्यात वाईट. 4 आणि 5 वाल्या जागा आधी खोदायच्या, बाकीच्या थांबू शकतात.

आता मुख्य तक्रार. पाणी तुंबतं त्याचं कारण बरेचदा फुटका पाइप नसून पुरेसा उतार नसणं हे असतं. आणि उतार कॅमेऱ्यात नीट कळत नाही. त्यासाठी ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावून प्रत्येक चेंबरमध्ये पाइपाच्या तळाची पातळी मोजावी लागते. त्या पातळ्यांची यादी म्हणजे लेव्हलचा तक्ता. 30 मीटरवरच्या दोन चेंबरांत 150 मिलिमीटर फरक असेल तर 1:200 उतार मिळतो. त्या उतारावर 300 मिलिमीटर व्यासाचा, पाण्याने पूर्ण भरून वाहणारा पाइप सेकंदाला 68 लिटरच्या आसपास नेतो. फरक 40 मिलिमीटरच असेल तर पाण्याचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरवर येतो आणि गाळ बसत जातो, मग दरवर्षी सफाईवर खर्च करत राहा. तळाचा अर्धा पाइप गाळाने भरला की क्षमता निम्मी उरते असं वाटतं. प्रत्यक्षात एक तृतीयांशाच्या थोडी वर उरते, कारण पाण्याला घासायला पृष्ठभाग तुलनेने जास्त मिळतो.

हिशेब जुळवून बघा. एक हेक्टर लेआउट, बहुतेक सिमेंट आणि छत, म्हणून गुणांक (पावसाचा वाहून येणारा वाटा) 0.8, पाऊस तासाला 50 मिलिमीटर: 0.8 × 50 × 1 ÷ 360 (360 ने भागलं की उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येतं) = 0.111, म्हणजे सेकंदाला 111 लिटर. वरचा 300 चा पाइप धुऊन लख्ख केला तरी अपुराच. त्याच उतारावर 450 चा सुमारे 200 लिटर नेतो. अहवालात ही आकडेमोड नसेल तर ‘पाइप बदला’ हा सल्ला अंदाजपंचे समजा.

रस्त्यावरचं पाणी नालीत उतरवणाऱ्या जाळ्यांकडे तर बहुतेक अहवाल बघतच नाहीत. सिमेंट रोड झाले, रस्ते वर आले, जुन्या जाळ्या खाली दबल्या किंवा नव्या जाळ्या रस्त्याच्या वर बसवल्या. दोन्हीत पाणी जाळीत न जाता घरांच्या फाटकात शिरतं. जाळी कडेच्या पातळीपेक्षा 10 ते 20 मिलिमीटर खाली हवी, भोवती बशीसारखा उतार हवा. सळ्या तिरप्या असाव्यात: प्रवाहाला समांतर ठेवल्या तर पाणी चांगलं जातं, पण सायकलचं चाक अडकतं. पन्नीचा त्रास जास्त असेल तिथे कर्बच्या (रस्त्याच्या उंच कडेच्या) बाजूचं आडवं तोंड बरं.

अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा नाग नदीकाठच्या भागांत आणखी एक प्रश्न विचारा: नदी भरल्यावर नालीचं तोंड पाण्याखाली जातं का? 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि अंबाझरी तलाव ओसंडला. अशा वेळी साफ पाइपमधूनही नदीच उलटी आत येते. तोंडावर झडपेचं दार बसवता येतं, पण ते बंद असताना आतल्या पाण्याला साठायला जागा किंवा पंप लागतो. नुसतं दार विकणाऱ्याला हा प्रश्न विचारला की बोलणं लांबतं.

ठरवताना लेव्हलचा तक्ता, जाळ्यांची नोंद आणि गाळ त्याच दिवशी उचलणं या अटी लेखी घ्या. पैशांचा एक हप्ता जूनच्या पहिल्या जोरदार पावसापर्यंत राखून ठेवा, आणि त्या पावसात झाकणं उघडून पाणी कुठे थांबतंय ते एजन्सीच्या माणसासोबत बघा.