श्रेष्ठ प्रशिक्षक कोण: ओड्वायर की गॅविन?
गेलिक फुटबॉल या आयरिश खेळात खेळाडू म्हणून दोघांनीही अखिल आयर्लंड विजेतेपद जिंकलं: केरी परगण्याच्या मिक ओड्वायरने चारदा, डब्लिनच्या जिम गॅविनने एकदा, १९९५ साली. प्रशिक्षक म्हणून ओड्वायरची आठ, गॅविनची सहा. पण सलग पाच गॅविनचीच, २०१५ ते २०१९. ओड्वायरचा तो घास १९८२ मध्ये तोंडाशी येऊन हिरावला गेला. अंतिम सामन्याची शेवटची मिनिटं, केरी दोन गुणांनी पुढे; ऑफलीचा बदली खेळाडू शेमस डार्बीने उंच आलेला चेंडू झेलला, वळला आणि थेट जाळ्यात मारला. गोलचे तीन गुण. केरी एका गुणाने हरली.

तरी माझं मत ओड्वायरलाच. गॅविनने घडवला तो आपलाच डब्लिन. ओड्वायरने परक्या किल्डेअरला १९९८ मध्ये ४२ वर्षांनी लेन्स्टर प्रांताचं विजेतेपद मिळवून दिलं, २००३ मध्ये लीशला ५७ वर्षांनी.