दिव्यांग निवासी संस्थांतील अत्याचार: खबर कोणत्या कायद्याखाली द्यावी?

निवासी विशेष शाळेत किंवा वसतिगृहात मारहाण वा लैंगिक शोषण होत असेल, तर ते बहुधा सर्वांत आधी काळजीवाहकाच्या लक्षात येते, कारण अंघोळ घालताना आणि कपडे बदलताना अंगावरचे वळ त्यालाच दिसतात. त्याने तोंड उघडायचे ठरवले, तर कायदा त्याच्या पाठीशी किती उभा राहतो?

एकाच खोलीत राहणाऱ्या १७ आणि १९ वर्षांच्या दोन बौद्धिक दिव्यांग मुलींचे एकाच अधीक्षकाने लैंगिक शोषण केले, असे धरून चालू. धाकटीला २०१२ चा पॉक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा लागू होतो. त्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना खबर देणे बंधनकारक आहे आणि सद्भावनेने खबर देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. उलट हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखालाच एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

थोरलीसाठी पोलिसांत गुन्हा नोंदवता येतोच, शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ आहे. त्याच्या कलम ७ खाली कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे तालुक्यात सहसा तहसीलदाराला, माहिती देऊ शकतो. अत्याचार होण्याची शक्यता दिसत असली तरी तेवढे पुरते, आणि दंडाधिकारी सुटकेचा आदेश काढू शकतो. मात्र माहिती देणाऱ्याला दायित्वातून मुक्त करणारे वाक्य या कलमात नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ते असताना इथे ते का गाळले गेले, हे अनाकलनीय आहे. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार अब्रुनुकसानीच्या व्याख्येतून वगळलेली आहे, पण तो बचाव खटला गुदरल्यावर मांडायचा असतो.

नोकरीचे संरक्षण यांपैकी कोणताच कायदा करत नाही, आणि कंत्राटी काळजीवाहकाला खरी धास्ती असते ती नोकरीचीच. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणासाठी केलेल्या कायद्याला मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण तो अंमलात आला नाही. आला तरी त्याचा रोख लोकसेवकांवर असल्याने खासगी विनाअनुदानित संस्थेतील कर्मचाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. ब्रिटनच्या १९९८ च्या कायद्यात खासगी नोकरही येतो आणि अशा खबरीबद्दल त्याला कामावरून काढणे आपोआप अन्याय्य ठरते. तरीही ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या बौद्धिक दिव्यांगांच्या रुग्णालयातील एका वरिष्ठ परिचारकाने २०१० मध्ये व्यवस्थापनाला आणि नियामक संस्थेला दिलेल्या इशाऱ्याची वेळीच दखल घेतली गेली नाही, आणि तिथला छळ मे २०११ मध्ये बीबीसीने छुप्या चित्रीकरणातून उघड केला. म्हणून केवळ तो कायदा उचलून आणावा, या मताचा मी नाही. दखल घेण्याची मुदतही कायद्यातच बांधून द्यायला हवी.

आज निर्णय घ्यायचा असेल, तर पीडित व्यक्ती १८ वर्षांखालील आणि गुन्हा लैंगिक असल्यास थेट पोलिसांत जावे. अन्यथा तातडीच्या सुटकेसाठी तहसीलदाराकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची प्रत पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला पाठवावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पुढे कामावरून काढले गेले, तर खबर आधी दिली होती हे दाखवायला ती तारीखच उपयोगी पडते.