बॉयलरचा टायमर आणि थर्मोस्टॅट : एका हिवाळ्याच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या घरात गॅसच्या बॉयलरमध्ये तापलेले पाणी रेडिएटर नावाच्या धातूच्या पट्ट्यांतून फिरून खोल्या उबदार ठेवते. त्या बॉयलरचा, फिरत्या तबकडीच्या पिना आत-बाहेर ढकलून वेळ लावायचा जुना टायमर काढून त्या जागी खोलीचे तापमान पाहून बॉयलर चालवणारा, सात दिवसांचे वेळापत्रक स्वीकारणारा, ओपनथर्म पद्धतीने (म्हणजे पाणी किती गरम हवे हे बॉयलरला दोन तारांवरून कळवण्याच्या पद्धतीने) जोडलेला थर्मोस्टॅट बसवल्याला आता एक पूर्ण हिवाळा उलटला आहे. उपकरण चांगले आहे आणि ते घ्यावे, असेच माझे मत आहे. मात्र टायमरवरची वेळ आणि बॉयलरमधल्या पाण्याचे तापमान एकमेकांकडे पाहून ठरवले, तरच त्याचा पुरेपूर उपयोग होतो. माहितीपुस्तिकेत या दोन गोष्टी दूरदूरच्या पानांवर आहेत आणि त्यांचा परस्परसंबंध कुठेच समजावलेला नाही, म्हणून त्यावरच अधिक लिहीत आहे.

जुना टायमर बॉयलरला केवळ चालू आणि बंद होण्याच्या वेळा सांगत असे. नव्या थर्मोस्टॅटमध्ये प्रत्येक वेळेसमोर हवे असलेले तापमान भरावे लागते. आमच्याकडे सकाळी साडेसहाला १९ अंश, सगळे बाहेर पडल्यावर १६, संध्याकाळी २० आणि झोपण्याच्या वेळेपासून पुन्हा १६ अंश असे वेळापत्रक आहे, आणि सुट्टीच्या दिवसांसाठी ते वेगळे आहे. दिवसभर एकच तापमान राखणे स्वस्त पडते, कारण थंड झालेले घर पुन्हा तापवायला जास्त गॅस लागतो, असे अनेकदा ऐकू येते. रेडिएटर असलेल्या साध्या घराच्या बाबतीत ते पटण्यासारखे नाही. घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते, त्यामुळे घर जितका वेळ कमी तापमानात राहील तितका वेळ ही गळतीही कमी राहते. जमिनीखाली नळ्या टाकलेल्या घरांची गोष्ट निराळी आहे. तिथली जाड फरशी तापायला आणि निवायला इतका वेळ घेते की, तापमान थोड्या तासांसाठी उतरवून फारसे काही साधत नाही.

आता बॉयलरकडे वळतो, कारण सर्वांत मोठा फरक तिथेच पडला. कंडेन्सिंग बॉयलर जळलेल्या वायूतील वाफेचे पाणी करून तिच्यातली उष्णता परत मिळवतो. पण नैसर्गिक वायूच्या बाबतीत हे घडण्यासाठी रेडिएटरांतून परत येणारे पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावे लागते, आणि ते जितके थंड तितका लाभ अधिक. आमच्या बॉयलरवर रेडिएटरांकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान ७५ अंशांवर ठेवलेले होते, म्हणजे ज्या गुणासाठी हा बॉयलर घेतला त्याचा बराचसा भाग वायाच जात होता. ते ५५ अंशांपर्यंत खाली आणल्यावर थंडीच्या सर्वसाधारण दिवसांत घर व्यवस्थित उबदार राहिले. कडाक्याच्या थंडीत मात्र ६० अंश करावे लागले.

टायमरचा संबंध इथे येतो. रेडिएटरची छापील क्षमता त्यातल्या पाण्याचे सरासरी तापमान खोलीपेक्षा ५० अंशांनी जास्त असताना मोजलेली असते. हा फरक ३० अंशांवर आला की तोच रेडिएटर जेमतेम निम्मी उष्णता देतो. म्हणून पाण्याचे तापमान उतरवून टायमरच्या वेळा जुन्याच ठेवल्या, तर सकाळी उठल्यावर घर थंडच सापडते, आणि पुष्कळ लोक याच टप्प्यावर पुन्हा ७५ अंशांकडे जातात. त्याऐवजी सुरुवातीची वेळ अलीकडे आणावी. आमच्या थर्मोस्टॅटमध्ये घर तापायला किती वेळ लागतो हे शिकून त्याप्रमाणे बॉयलर आधी सुरू करण्याची सोय आहे. ती सुरू केल्यास वेळापत्रकातल्या साडेसहाचा अर्थ ‘साडेसहाला सुरू’ असा न राहता ‘साडेसहाला १९ अंश’ असा होतो. पाण्याचे तापमान बदलल्यावर या सोयीला नवा अंदाज बांधायला काही दिवस द्यावे लागतात, आणि त्या काळात वेळापत्रकाला हात न लावणेच इष्ट.

ओपनथर्मचा फायदा हिवाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी जास्त जाणवला. सौम्य थंडीत घराला थोडीच उष्णता लागते. साध्या चालू-बंद थर्मोस्टॅटवर अशा वेळी बॉयलर वारंवार पेटतो आणि विझतो, तर ओपनथर्मवर थर्मोस्टॅट गरजेपुरतेच कोमट पाणी मागतो आणि ज्योत मंद होऊन बराच वेळ टिकते. अर्थात बॉयलरच्या किमान क्षमतेच्या खाली ती जाऊ शकत नाही, त्यामुळे लहान घरासाठी बॉयलर घेताना कमाल आकड्यापेक्षा किमान आकडा आधी पाहावा.

थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर, ऊन, वाऱ्याचा झोत आणि रेडिएटर यांपासून दूर बसवला आहे. त्याच खोलीतल्या रेडिएटरवरचा, खोली तापली की आपोआप मिटणारा स्वयंचलित व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवणे अत्यावश्यक आहे. तो आधी मिटला तर भिंतीवरचा थर्मोस्टॅट कधीच समाधानी होत नाही आणि बाकीच्या खोल्यांसाठी बॉयलर चालतच राहतो. बाकीच्या खोल्यांत व्हॉल्व्ह बहुधा ३ या आकड्यावर पुरतो.

उपकरणाबद्दल तक्रारी दोनच आहेत. तात्पुरता बदल आणि कायमचा बदल यांची बटणे इतकी सारखी दिसतात की, घरातल्या कोणी एका संध्याकाळपुरते वाढवलेले तापमान पुढे तसेच चालू राहते. आणि बॅटरी संपत आल्याची सूचना फारच उशिरा मिळते. हिवाळा सुरू होतानाच नवी बॅटरी घालणे हा त्यावरचा उपाय.

जोडणी मात्र जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. ओपनथर्मच्या दोन तारा कमी विद्युतदाबाच्या असतात, तर कित्येक बॉयलरांवर जुन्या थर्मोस्टॅटच्या जागी थेट २३० व्होल्टचा पुरवठा असतो. या दोहोंची अदलाबदल झाली तर बॉयलरचे सर्किट जळू शकते. आमच्या बॉयलरमध्ये नळाच्या गरम पाण्याचे तापमान वेगळे ठरवता येते, म्हणून हीटिंगचे पाणी निःशंकपणे उतरवता आले. ज्यांच्याकडे गरम पाण्याची साठवण टाकी आहे, त्यांनी असे करण्याआधी टाकीची व्यवस्था तपासावी. लिजिओनेला जिवाणूंची वाढ टाळण्यासाठी टाकीतले पाणी ६० अंशांवर साठवणे आवश्यक असते आणि ५५ अंशांच्या पाण्याने टाकी ६० अंशांपर्यंत तापूच शकत नाही. अशा घरांत टाकीसाठी जास्त आणि रेडिएटरांसाठी कमी, अशी दोन तापमाने बॉयलरला स्वतंत्रपणे सांगू शकणारी नियंत्रणेच निवडावीत.