गूगल मॅप्स की ओपनस्ट्रीटमॅप?

एका मैत्रिणीच्या फोनमध्ये जागा कमी आहे. नकाशाचं एकच अ‍ॅप ठेवायचं, तर गूगल मॅप्स की ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालणारं ऑरगॅनिक मॅप्स, असा तिला प्रश्न पडलाय. पैसे दोन्हींना लागत नाहीत, तो मुद्दा तिथेच संपला.

गर्दीच्या वेळी गाडी काढायची असेल तर गूगल सरस. असंख्य फोनांच्या हालचालींवरून ते कोंडी दाखवतं. ऑरगॅनिक मॅप्समध्ये ही सोय नाही. पण तुमचा माग काढणंही नाही, आणि मला हे मोलाचं वाटतं.

पायी चालणाऱ्यांसाठी चित्र उलटं. ओपनस्ट्रीटमॅपवर पाऊलवाटा, पायऱ्या, पाण्याचे नळ, अगदी बाकंसुद्धा लोकांनी स्वतः नोंदवलेली असतात. नेटवर्क नसताना गूगल गाडीचा रस्ता सांगतं, पायी जाण्याचा नाही. ऑरगॅनिक मॅप्स दोन्ही सांगतं. मात्र जिथे नोंदी करणारे कमी, तिथे नकाशा विरळ. जायच्या आधी तो भाग उघडून बघाच.

चूक दिसली तर? गूगलला सुचवून वाट बघायची. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढून स्वतःच दुरुस्त करायची. २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून काही दिवसांत रस्ते रेखाटले आणि मदतपथकांनी ते वापरले, ते या मोकळेपणामुळेच.

रोज गाडी चालवणाऱ्यांनी, दुकानांच्या वेळा बघणाऱ्यांनी गूगल ठेवावं. मैत्रीण डोंगरात भटकते, तिला मी ऑरगॅनिक मॅप्सच सांगितलं.