राधानगर बीचवर तंबू बुक करताय? आमचे २९,५०० गेले

अंदमानातल्या हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला जाणाऱ्यांनी हे वाचाच. राधानगर बीचवर तंबूत मुक्कामाची सोय करतो म्हणून एकाने आमच्याकडून २९,५०० रुपये उकळले. चौघांच्या मुक्कामाचे १८,०००, 'फॉरेस्ट परमिट'चे ६,००० आणि परत मिळणारं डिपॉझिट ५,५००. आधी इन्स्टाग्राम, मग व्हॉट्सॲप, मग 'दोनच तंबू उरलेत'. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

तिथे तंबू नव्हताच. गार्ड अंधार पडायच्या आत सगळ्यांना बाहेर काढत होता. बुकिंगवाल्याचा फोन बंद. शहाळेवाला म्हणाला, इथे रात्री कोण राहतं, मगरी आहेत. २०१० साली इथून जवळच एका अमेरिकन पर्यटक मुलीला मगरीने मारलं होतं. आणि हा माणूस माझ्या मुलांना तिथे झोपवणार होता! ऐन सीझनला खोलीचे ९,००० वेगळे गेले.

जीव जळतो तो एका फोटोपायी. तंबूच्या दारातून समुद्रातून वर येणारा सूर्य, खाली 'राधानगर सनराइज'. अहो, राधानगर बेटाच्या पश्चिमेला आहे! तिथे सूर्य समुद्रात बुडतो; उगवताना बघायला पलीकडे काला पत्थरला जावं लागतं. राधानगरचा सूर्यास्त बघायचा म्हणूनच तर आम्ही निघालो होतो. तोच फोटो मी सासूबाईंना कौतुकाने दाखवला. पण मुलांना झोपवताना मोबाइलवर आलेल्या फोटोतल्या दिशा कोण तपासतं? स्वस्ताच्या लोभानेही गेलो नव्हतो, दर हॉटेलइतकाच होता. परमिटच्या पावतीवर शिक्का, सही, सगळं होतं. परमिट खरं आहे का, हे वन खात्याच्या कार्यालयात फोन करून विचारा, पावतीवरच्या नंबरवर नाही.

तिथल्या चौकीत सांगितलं, पैसे महाराष्ट्रातून गेले, तक्रार तिकडे करा. इथलं ठाणं म्हणतं, घटना अंदमानची, तिकडे जा. विमानाने जाऊ का तक्रार द्यायला? हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यायचा, असं कायदा सांगतो. हे मी साहेबांना म्हटलं, तर 'मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका.' अर्ज घेतला, पोच मागितली तर उद्या या. उद्या गेले तर साहेब बंदोबस्ताला. बँकेचं एकच पालुपद, पिन तुम्हीच टाकलात. मग ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याची केवायसी कुणी केली?

पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, ठाण्याच्या बाकावर वेळ घालवू नका. आणि यूपीआयवर कॅम्पऐवजी कुणा माणसाचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. आमच्या तिन्ही पेमेंटना तीन वेगळी नावं होती. त्याची जाहिरात अजून चालू आहे.